थंडीवरचा आळ

आदिलाबादेत गाडीची बॅटरी मरते मे महिन्यात आणि गिऱ्हाईक दुकानात येतं डिसेंबरात. मधले सहा-सात महिने ती कशीबशी सेल्फ ओढत असते. मग एका पहाटे इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं, सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक्' होतं, मालक शेजारच्या पोरांना धक्का मारायला बोलावतो आणि तासाभरानं माझ्या काउंटरवर किल्ली ठेवत म्हणतो, "थंडीनं बसली पाहा बॅटरी." ऑटो इलेक्ट्रिकच्या धंद्यात केस पिकले, पण हा आळ थंडीवरून उतरवणं मला काही जमलेलं नाही.

लोकांना तसं वाटण्याला कारणही आहे. तेलंगणात थंडी पडल्याची बातमी आली की आदिलाबादचं नाव त्यात असतंच. डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, पेपरात शेकोट्यांचे फोटो येतात. उन्हाळ्यात हाच पारा ४५ला टेकतो. पण तेव्हा ऑइल पातळ, इंजिन मोकळं, बॅटरीतली रासायनिक क्रियाही जोरात, त्यामुळे अर्धमेली बॅटरीसुद्धा एका सेल्फमध्ये गाडी चालू करून देते. तक्रार नाही, म्हणून कुणी बॉनेट उघडत नाही.

माझं गाव बेला मंडलात, पैनगंगेच्या अलीकडे. पलीकडे यवतमाळ जिल्हा. १९५६ साली राज्यांची आखणी झाली तेव्हा जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तिकडच्या राज्यात गेले, आम्ही इकडे राहिलो. पुढे २०१६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचेही चार तुकडे झाले. शाळा मराठीत झाली, दुकानाची पाटी तेलुगूत आहे, आणि धंदा शिकलो तो दखनी बोलणाऱ्या उस्तादांकडे. गिऱ्हाइकांत उटनूर-इंद्रवेल्लीकडचे गोंड आहेत, तांड्यांवरचे बंजारा आहेत, कापसाचे व्यापारी आहेत, पांढरकवड्याहून येणारे टॅक्सीवाले आहेत. शिवाय दुकान हायवेला लागून असल्यामुळे साऱ्या देशाचे ट्रक. पूर्वी हा सात नंबरचा हायवे होता, वाराणसी-कन्याकुमारी. आता ४४ नंबर झाला आणि त्याचं वरचं टोक थेट श्रीनगरला गेलं.

उस्तादांच्या हाताखाली लागलो तेव्हा नवी बॅटरी घेण्यापेक्षा जुनी बांधून घ्यायची पद्धत होती. काळ्या एबोनाइटचा खोका, वर डांबर ओतून बंद केलेला, सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्या दिसणाऱ्या. एखादा सेल मेला की डांबर तापवून तेवढाच उपसायचा, प्लेटा बदलायच्या, शिसं वितळवून पट्टी पुन्हा जोडायची. दिवसभर त्या धुरात आम्ही पोरं बसायचो. किती शिसं अंगात गेलं त्याचा हिशेब कुणी केला नाही. आता खोका प्लास्टिकचा, झाकण गरम करून चिकटवलेलं, आत हात घालायची सोय नाही. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याचे नियम २००१ साली आले, २०२२ मध्ये ते बदलून जबाबदारी मुख्यतः बनवणाऱ्यांवर आली. तेव्हाची कारागिरी मला आठवते. पण माझ्या पोराला ते काम मी शिकवलं नसतं.

त्या काळात उस्तादांनी एकदा मेलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड काढून, ती धुऊन, हॅक्सॉ ब्लेडनं उभी कापून आमच्यापुढे ठेवली. "देख लेव. इसमें करंट नइं रहता, शीशा और तेजाब रहता," एवढंच त्यांचं व्याख्यान. बाकी आम्ही डोळ्यांनी पाहिलं. सहा खण. प्रत्येक खणात प्लेटांची चळत, एक चॉकलेटी, एक राखाडी, मध्ये सेपरेटर. चॉकलेटी ती पॉझिटिव्ह, तिच्या जाळीत शिशाचा पेरॉक्साइड भरलेला. राखाडी ती निगेटिव्ह, तिच्यात सच्छिद्र शिसं. निगेटिव्ह प्लेट अजून धड होती. पॉझिटिव्हची जाळी बोटानं दाबली की मोडत होती आणि तिच्यातला माल गळून खोक्याच्या तळाला चॉकलेटी गाळ होऊन बसला होता. हा गाळ वाढत प्लेटांच्या खालच्या कडेला लागला की सेल आतल्या आत शॉर्ट. तेव्हापासून 'बॅटरी मेली' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ती मोडणारी जाळी येते.

१८५९ मध्ये प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून ही गोष्ट पहिल्यांदा जमवली आणि मूळ माल आजही तोच आहे. १९१२ साली अमेरिकेत केटरिंगनं कॅडिलॅक गाडीला विजेचा सेल्फ बसवला आणि तेव्हापासून इंजिन चालू करण्याचं काम बॅटरीच्या गळ्यात पडलं. त्याआधी हँडल. आमच्याकडे जुन्या जीपांना हँडल होतं ते मी मारलेलं आहे. उलटा झटका बसला की मनगट जायचं.

एका सेलचा दाब २.१ व्होल्ट, सहा सेलचे मिळून १२.६. याचा अर्थ असा की १२ व्होल्टची म्हणून विकलेली बॅटरी मीटरवर बरोबर १२ व्होल्ट दाखवत असेल तर ती जवळपास रिकामी आहे. हे ऐकून भलेभले शिकलेले लोक माझ्याकडे संशयानं बघतात. १२.६ भरलेली, १२.२ अर्धी, १२ म्हणजे पाव. आणि हे आकडे गाडी काही तास उभी असताना मोजायचे. चालू गाडीवर मोजाल तर डायनामोचा आकडा दिसेल, १४च्या आसपास. त्याला आता अल्टरनेटर म्हणतात, पण बाजारात तो डायनामोच.

बॅटरी उतरते तेव्हा अ‍ॅसिडातलं सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतं आणि मागे उरतं ते जास्त करून पाणी. म्हणून अ‍ॅसिडाचा दाटपणा मोजणारा हायड्रोमीटर खाली बुडतो. ग्रॅव्हिटी बाराशे साठ असेल तर पोट भरलेलं, अकराशे वीस म्हणजे उपाशी. चार्जिंगला लावलं की सल्फेट प्लेट सोडून पुन्हा अ‍ॅसिडात येतं. मात्र वेळेत लावलं तर. आठवडेच्या आठवडे उतरलेली ठेवली तर त्याचे कडक पांढरे खडे होतात आणि मग ते चार्जरला दाद देत नाहीत. सहाही सेलची ग्रॅव्हिटी सारखी कमी असेल तर बॅटरी नुसती उतरलेली आहे. पाचांची बरी आणि एकाचीच खाली असेल तर तो सेल गेला. हे निदान पूर्वी कुठलंही पोरगं करायचं. आता सीलबंद बॅटरीत हायड्रोमीटर शिरत नाही. वर हिरवा डोळा असतो, तो एकाच सेलमध्ये बघतो आणि बाकी पाचांबद्दल काही सांगत नाही. तरी डोळा हिरवा दिसला की गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं.

आकड्यांचा घोळ तर विचारूच नका. जैनदचे एक काका ट्रॅक्टरसाठी आले होते. काउंटरवरच्या दोन बॅटऱ्या न्याहाळून म्हणाले, "हे पस्तीसची आन् हे अठ्ठ्याऐंशीची. म्हंजे ह्यातून पस्तीस अँपियर निंगते का?"

"काका, निघायला तर दोनशेही निघतात. सेल्फ मारता तेव्हा तेवढे घेतेच ती."

"मंग पस्तीस कायचे?"

प्रश्न बिनतोड होता. ३५ अँपियर-तास म्हणजे २७ अंशांच्या हवेत पावणेदोन अँपियर या दरानं सलग २० तास वीज काढली तर दाब साडेदहा व्होल्टवर येईपर्यंत ती टिकेल. २० गुणिले १.७५, झाले ३५. इतकी संथ परीक्षा. पण म्हणून ३५ अँपियर एक तास मिळतील असं नाही. तेवढ्या ओढीनं ती अर्ध्या-पाऊण तासातच हात टेकते. काकांच्या शेतात विहीर आहे, मी त्यांना विहिरीतच नेलं. लहान मोटर लावली तर झरा पाणी देत राहतो आणि दिवसभर ओलित होतं. मोठी लावली तर झऱ्याला भरायला वेळ मिळत नाही, मोटर हवा ओढायला लागते, पण विहिरीत पाणी नाही असं नसतं. तासभर थांबा, पुन्हा येतं. प्लेटेच्या आत मुरलेल्या अ‍ॅसिडाचं हेच चालतं. भराभर ओढलं की पृष्ठभागाजवळचं अ‍ॅसिड संपतं आणि बाहेरचं आत शिरायला वेळ लागतो. म्हणून सेल्फ मारून मारून बसलेली बॅटरी दहा मिनिटांनी पुन्हा एकदा जीव धरते. पॉयकर्ट नावाच्या जर्मन माणसानं १८९७ मध्येच या घटीचं गणित मांडून ठेवलंय. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मोठी द्या, तेच ना?" तेच.

ट्रॅक्टरची बॅटरी काढून झटका मशीनला लावतात, तेव्हा मात्र तो २० तासांचा आकडा कामाचा ठरतो. रानडुकरांनी मका-सोयाबीन ठेवायचं नाही म्हणून काठाकाठाच्या शेतांना आता तार आणि झटका मशीन आलंय. मशीनची ओढ किरकोळ. समजा अर्धा अँपियर. रात्रीचे बारा तास धरले तर ६ अँपियर-तास गेले. अठ्ठ्याऐंशीच्या बॅटरीला ते काहीच नाही. पण शेतकरी ती आठवडाभर तिथेच ठेवतो, पाऊस लागला म्हणून महिनाभर ठेवतो, आणि वखरणीला ट्रॅक्टर काढायचा झाला की रिकामी बॅटरी घेऊन माझ्याकडे येतो. गाडीची बॅटरी या कामासाठी केलेलीच नसते. तिच्या प्लेटा पातळ आणि संख्येनं जास्त असतात, म्हणजे पृष्ठभाग मोठा, म्हणजे दोन-चार सेकंदांत दणका देता येतो. दणका दिला, डायनामोनं लगेच भरून काढलं, असं तिचं आयुष्य. तळापर्यंत उपसायची आणि पुन्हा भरायची तर जाड प्लेटांची किंवा ट्युब्युलर बॅटरी लागते, इन्व्हर्टरला असते ती. वीज गेली की कारची बॅटरी काढून इन्व्हर्टरला जोडणारे बहाद्दर प्रत्येक गल्लीत आहेत. अशा दोन-तीन उन्हाळ्यांत कारची बॅटरी कामातून जाते आणि मग नाव कंपनीचं खराब होतं.

केस्लापूरला पुष्य अमावस्येला नागोबाची जत्रा भरते तेव्हा याचंच दुसरं रूप दिसतं. मेस्राम कुळाचे लोक गोदावरीचं पाणी घेऊन पायी येतात, बैलगाड्या येतात, आणि हल्ली जीपा-पिकअपही रांगेनं लागतात. रात्रभर गाडीतला टेप, बल्ब, मोबाइलचं चार्जिंग. टेपनं पाच अँपियर घेतले आणि रात्र दहा तासांची धरली तर पन्नास गेले, बॅटरी पस्तीसची. पहाटे कडाक्याची थंडी, गाडी चालू होत नाही, आणि दोष पुन्हा थंडीला. जंपर केबल घेऊन मी तिकडे गेलो आहे. एवढं सांगतो की शेवटचा चिमटा मेलेल्या बॅटरीच्या टर्मिनलला लावू नका, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी तिथेच पडली तर झाकण उडून अ‍ॅसिड तोंडावर येतं. मी ते घडलेलं पाहिलंय.

नव्या स्टिकरवर ३८बी२०एल असलं काहीतरी लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक म्हणतं, ही अडतीसची, शेजारची पस्तीसची, अडतीसची द्या. ही जपानी पद्धत आहे. ३८ हा ताकदीचा दर्जा, अँपियर-तास नव्हे. बी म्हणजे रुंदी-उंचीचं माप, २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि एल म्हणजे टर्मिनल कुठल्या बाजूला. ती बॅटरी पस्तीसचीच असते. शेवटचं अक्षर चुकलं तर केबल पोहोचत नाही आणि ओढूनताणून उलटी जोडली तर डायनामोचे डायोड जळतात. जर्मन पद्धतीचं डीआयएन ४४ म्हटलं तर मात्र ते ४४ अँपियर-तासच. एकाच फळीवर दोन पद्धती शेजारी शेजारी, आणि दोन्हींची अक्षरं बारीक.

सगळ्यात बारीक छापलेलं असतं ते सीसीए. थंडीत सेल्फ ओढण्याची ताकद. अमेरिकन पद्धतीत बॅटरी उणे १८ अंशांपर्यंत गार करायची, मग ३० सेकंद सतत करंट ओढायचा, आणि तेवढ्या वेळात दाब ७.२ व्होल्टच्या खाली न जाता जास्तीत जास्त किती अँपियर मिळतात ते मोजायचं. उणे १८ हा आकडा आडनिडा वाटतो, कारण तो त्यांच्या फॅरनहाइटचा शून्य आहे. जर्मन पद्धतीत त्याच थंडीत ३० सेकंदांनंतर ९ व्होल्ट राहायला हवेत, म्हणजे परीक्षा जास्त कडक. त्यामुळे अमेरिकन मोजणीत जी बॅटरी चारशेच्या वर जाते तीच जर्मन मोजणीत अडीचशेच्या घरात येते. जपानी उणे १५वर मोजतात. कुठल्या पद्धतीनं मोजलं हे माहीत नसेल तर दोन स्टिकरांवरचे सीसीए ताडून बघण्यात काही अर्थ नाही.

आणि याच फटीतून गिऱ्हाइकाला लुबाडता येतं. हल्लीचे डिजिटल टेस्टर आधी विचारतात, कुठली पद्धत, छापलेला आकडा किती. अमेरिकन ४२०ची बॅटरी असताना पद्धत जर्मन निवडली की धडधाकट बॅटरीलाही यंत्र 'बदला' म्हणतं, चिठ्ठीसुद्धा छापून देतं. छापील चिठ्ठीपुढे कोण बोलणार? कुणी मुद्दाम करतं, कुणी न कळून. मी टेस्टर वापरतो, पण शंका आली तर जुना लोड टेस्टर काढतो; तो दहा-पंधरा सेकंद खरोखरचा भार टाकतो आणि तारा लालबुंद होतात. त्या भाराखाली दाब साडेनऊच्या वर टिकला तर बॅटरी अजून कामाची आहे.

आदिलाबादेत उणे १८ म्हणजे परग्रहावरची गोष्ट. पण एकदा सफरचंदं दक्षिणेला टाकून परत निघालेला एक काश्मिरी ड्रायव्हर दुकानात आला. त्याच्या ट्रकचा डायनामो बंद पडला होता. काम चालू असताना त्यानं माझ्या फळीवरच्या बॅटऱ्यांची बारीक अक्षरं वाचली, सीसीए शोधत. माझ्या दुकानात तसं करणारा तेव्हापर्यंत कुणी आला नव्हता. त्याच्या गावी हिवाळ्यात पहाटे पारा शून्याच्या बराच खाली असतो. त्याला तो आकडा घरचा होता. त्याच्या दोन्ही बॅटऱ्या तपासल्या तर आमच्याकडच्या तेवढ्याच वयाच्या बॅटऱ्यांपेक्षा बऱ्या निघाल्या. एका ट्रकवरून काही सिद्ध होत नाही, पण मला आश्चर्य वाटलं नाही. थंडीत बॅटरीची ताकद घटते, उणे १८ला ती निम्म्याहूनही खाली येते, पण गारव्यात जाळी फारशी गंजत नाही, पाणी फारसं उडत नाही. ताकद कमी होणं वेगळं आणि आयुष्य कमी होणं वेगळं.

ट्रकांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. ट्रकला २४ व्होल्ट लागतात, म्हणून दोन बॅटऱ्या एकामागे एक. ड्रायव्हरचा टेप नि पंखा १२ व्होल्टचा. तो वायर टाकतो एकाच बॅटरीवरून. ती रोज जास्त उतरते, पण डायनामो दोघींना एकच करंट देतो, त्यामुळे एक उपाशी राहते आणि दुसरी जास्त भरून पाणी उडवते. दोन्ही जातात. सात-आठशे रुपयांचा कन्व्हर्टर बसवा म्हटलं तर महाग वाटतो.

आता उन्हाचं. अँपियर-तास मोजले २७ अंशांवर, सीसीए मोजला उणे १८वर. ४५ अंशांचा आकडा कुठल्याच स्टिकरवर नाही. मेमध्ये दुपारी इंजिनाशेजारी बॅटरीच्या खोक्याला हात लावून बघा, लागत नाही. तिथे ६० अंश सहज असतात. धंद्यातला आणि पुस्तकातलाही ठोकताळा असा की बॅटरीचं तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. पाणी उडतं, प्लेटांचा वरचा भाग उघडा पडतो आणि तो भाग पुन्हा कधी कामाला येत नाही. पॉझिटिव्हची जाळी झपाट्यानं गंजते. उस्तादांनी कापून दाखवली होती तीच. उभ्या गाडीतही बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग वाढतो. आणि जुन्या गाड्यांतला, डायनामोचा दाब आवरणारा कटआउट उन्हाळा-हिवाळा ओळखत नाही, हिवाळ्यात योग्य असलेला दाब मेमध्येही ठोकत राहतो.

२०२०च्या लॉकडाऊननं हे सगळं एकदम दाखवून दिलं. मार्चच्या शेवटी गाड्या उभ्या राहिल्या त्या ऐन उन्हाळ्यात. हल्लीच्या गाडीत कुलूप लावल्यावरही घड्याळ, सेंट्रल लॉक, कॉम्प्युटर मिळून चाळीसेक मिलिअँपियर खातातच. दिवसाला साधारण १ अँपियर-तास. पस्तीसच्या बॅटरीला महिना पुरेसा. दुकान उघडायला परवानगी मिळाली तेव्हा दारात रांग होती, आणि थंडीचा तर पत्ताच नव्हता. बऱ्याच बॅटऱ्या कमी करंटवर दोन दोन दिवस लावून परत आणल्या. ज्या गाड्या पत्र्याच्या शेडखाली किंवा उघड्यावर तापल्या होत्या त्यांच्यापेक्षा झाडाच्या सावलीतल्या जास्त वाचल्या. त्या उन्हाळ्यात मी म्हणेन ते लोकांना पटत होतं. डिसेंबर आला आणि पुन्हा थंडी.

वॉरंटीनं गोंधळ आणखी वाढतो. कार्डावर '३६ अधिक ३६' लिहिलेलं. लोक वाचतात ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं. पहिले ३६ महिने बदलून मिळते, पुढच्या ३६त नव्या बॅटरीच्या किमतीत उतरत्या भाजणीनं सूट मिळते, बस. नुसती उतरलेली असेल तर कंपनी चार्ज करून परत देते आणि प्लेटा कोरड्या सापडल्या तर तेही नाही. आमच्या हवेत गाडीची बॅटरी चार वर्षं गेली तर मी मालकाची पाठ थोपटतो. सहा वर्षं गेलेली म्हणाल तर ती बहुधा गारेगार गॅरेजात झोपलेल्या गाडीतली असते.

उपाय फार थोर नाहीत. झाकणाची बॅटरी असेल तर एप्रिल ते जून दर पंधरवड्याला पाणी बघायचं, आणि ते डिस्टिल वॉटरच. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटांना खातात. उस्ताद पहिला पाऊस सोडून दुसऱ्या-तिसऱ्या पावसाचं पाणी काचेच्या बरणीत धरून ठेवायचे. वरून अ‍ॅसिड ओतायचं नाही. उडतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच असतं. काही गाड्यांना बॅटरीभोवती काळं जाड आवरण येतं, ते इंजिनाची धग अडवायला असतं. पहिल्या सर्व्हिसिंगला ते काढून फेकणारे मिस्त्री मला भेटले की मी त्यांना चहा पाजत नाही. चालू गाडीत टर्मिनल काढून डायनामो तपासायची जुनी सवय असलेल्यांनाही नाही. त्या झटक्यात नव्या गाडीचा कॉम्प्युटर जातो. तो भरायचा कुणी? आणि हो, विजेवरच्या नव्या गाड्या आल्या म्हणून आमचा धंदा बुडाला नाही. त्यांतल्या बहुतेकांत मोठ्या बॅटरीशिवाय एक साधी १२ व्होल्टची असतेच. ती बसली की खालची मोठी कितीही भरलेली असो, किल्लीनं दार उघडलं तरी पुढे काही होत नाही.

खरी तपासणी करायची ती उन्हाळा संपल्यावर, थंडी लागायच्या आत. तेव्हा अर्धमेली बॅटरी ओळखू येते आणि गिऱ्हाइकाच्या हाताशी वेळ असतो. कापूस निघायच्या दिवसांत मार्केट यार्डाच्या रांगेत पिकअप बंद पडली तर मागचे शिव्या घालतात. पण जूननंतर पेरणी, मग निंदण, मग फवारणी. पावसाळ्यात मुद्दाम बॅटरी दाखवायला कोण येतं? पुष्कळ वर्षं कार्डावर तारीख लिहून दिली, कुणी आलं नाही.

शेवटी पोळ्याचा आधार घेतला. अलीकडे बैलांच्या जोडीला ट्रॅक्टरही धुऊन, फुगे लावून, शेंदूर फासून मिरवणुकीला काढतात. जुनी मंडळी नाकं मुरडतात, मला सोयीचं झालं. ट्रॅक्टर धुवायचा म्हणजे बॉनेट उघडतंच. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गावी जातो, हायड्रोमीटर, डिस्टिल वॉटरचा कॅन, लोड टेस्टर आणि टर्मिनलला लावायची पेट्रोलियम जेली घेऊन. एका पाराशी चार-पाच ट्रॅक्टर मिळतात. जैनदचे ते काका गेल्या पोळ्याला पाहुण्यांकडे आले होते. त्यांनी बोलावून त्यांच्या भाच्याचा ट्रॅक्टर दाखवला. ग्रॅव्हिटी पाचांची बाराशे वीस, चौथ्या सेलची अकराशे चाळीस.

"काका, ही दिवाळी काढेल. पुढं भरवसा नाही."

"काहून? आता तं एका सेल्फात चालू झाला."

"उन्हानं गेली ही."

काकांनी भाच्याकडे पाहिलं. "मे महिन्यात झटक्याले लावली होती का रे?" भाचा शिंगांना लावायचा बेगड उलगडत होता, त्यानं मान वर केली नाही. काका माझ्याकडे वळले आणि जुनी बॅटरी परत दिली तर किती कमी करशील ते विचारायला लागले.